चर्चचे व्यासपीठ आणि निवडणूक : अमेरिकी करकायद्याची मर्यादा नेमकी कोठे आहे?

नीरक्षीर (धागालेखक)

चर्चच्या पाळकाने, म्हणजे धर्मगुरूने, उपासनेच्या वेळी, श्रद्धेच्या अंगाने, आपल्या मंडळीपुढे एखाद्या उमेदवाराबद्दल मत मांडले, तर तो करकायद्याने मना केलेला निवडणुकीतील हस्तक्षेप ठरत नाही, अशी भूमिका अमेरिकेच्या कर विभागाने, म्हणजे आयआरएसने, जुलै २०२५ मध्ये टेक्सासमधील संघराज्य न्यायालयात लेखी मांडली. त्याआधी अनेक दशके हाच विभाग याच्या नेमके उलट सांगत आला होता. तेव्हापासून या विषयावर मराठीत जे वाचनात येते त्यात दोन टोकांची विधाने दिसतात. अमेरिकेत चर्चच्या तोंडाला कायद्याने कुलूप घातले होते आणि ते आता निघाले, असे काही जण म्हणतात. अमेरिकेतील धर्म आणि राज्य यांच्यातील भिंतच पडली, असे इतरांचे म्हणणे आहे. मला दोन्ही विधाने चुकीची वाटतात, आणि ती का चुकीची आहेत हे मुळापासून मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

या मर्यादेचा संविधानातील धर्म आणि राज्य यांच्या विभक्ततेशी थेट संबंध नाही. ती करकायद्याची अट आहे. अमेरिकेच्या अंतर्गत महसूल संहितेतील कलम ५०१(सी)(३) नुसार धार्मिक, शैक्षणिक आणि धर्मादाय संस्थांना प्राप्तिकरातून सूट मिळते, आणि त्यांना देणगी देणाऱ्यालाही आपल्या करपात्र उत्पन्नातून ती रक्कम वजा करता येते. या दुहेरी सवलतीच्या बदल्यात संस्थेने दोन बंधने पाळायची असतात. पहिले बंधन १९३४ पासूनचे आहे : कायदे व्हावेत किंवा होऊ नयेत यासाठीचा प्रचार हा संस्थेच्या कामाचा मोठा भाग असता कामा नये. दुसरे १९५४ चे आहे आणि ते पूर्ण मनाईचे आहे : सार्वजनिक पदाच्या कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने संस्थेने निवडणूक प्रचारात भाग घेऊ नये किंवा हस्तक्षेप करू नये, त्यासाठी निवेदने छापू अथवा वाटू नयेत. उमेदवाराच्या ‘विरोधात’ हे शब्द १९८७ मध्ये स्पष्टपणे घातले गेले.

हे दुसरे बंधन ‘जॉन्सन दुरुस्ती’ या नावाने ओळखले जाते. टेक्सासचे तत्कालीन सिनेटर आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन यांनी २ जुलै १९५४ रोजी करसंहितेच्या विधेयकावर ही दुरुस्ती मांडली. तिच्यावर सुनावणी झाली नाही, सभागृहात चर्चाही झाली नाही. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या संहितेवर स्वाक्षरी केली. त्या वर्षी जॉन्सन यांच्यासमोर पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी होता, आणि साम्यवादाविरुद्ध प्रचार करणाऱ्या काही करमुक्त संस्था त्यांच्या विरोधात साहित्य वाटत होत्या. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यांचा रोख या संस्थांवर होता. चर्च त्यांच्या डोळ्यांसमोर असल्याचे दिसत नाही. दुरुस्तीचे विरोधक या जन्मकथेचा आधार घेऊन तिला एका राजकारण्याचा खासगी सूड म्हणतात. कायदा कोणत्या हेतूने आला हे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेच, परंतु अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्यानंतर तो अनेकदा हाताळला, १९८७ मध्ये उलट कडक केला आणि कधीही रद्द केला नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

या बंधनाच्या बाहेर किती मोठे क्षेत्र मोकळे आहे ते पाहिले म्हणजे ‘कुलूप’ हा शब्द टिकत नाही. गर्भपात, युद्ध, स्थलांतर, मृत्युदंड, गरिबी या कोणत्याही प्रश्नावर चर्चला ठाम भूमिका घेता येते. कोणत्याही पक्षाकडे झुकते माप न देता मतदार नोंदणी करता येते, लोकांना मतदान केंद्रापर्यंत नेता येते, सर्व उमेदवारांना बोलावून जाहीर चर्चा घडवता येते. सार्वमताच्या प्रश्नावर पैसा आणि मनुष्यबळही लावता येते, कारण तेथे उमेदवार नसतो आणि ते काम पहिल्या, म्हणजे प्रमाणाच्या, बंधनाखाली येते. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये समलिंगी विवाहाविरुद्धच्या ‘प्रपोझिशन ८’ या प्रस्तावासाठी मॉर्मन चर्चने उघड मोहीम चालवली आणि त्यावरून त्याची करसवलत गेली नाही. पाळक स्वतः नागरिक म्हणून कोणाचाही प्रचार करू शकतो, निवडणूकही लढवू शकतो. धर्मगुरूंना विधिमंडळापासून दूर ठेवणारा टेनेसी राज्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच ‘मॅकडॅनिएल विरुद्ध पेटी’ या खटल्यात रद्द ठरवला आहे. संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या पैशाने उमेदवाराला मत द्या किंवा देऊ नका असे सांगणे, एवढेच मना आहे.

ही रेषा ओलांडल्यावर काय होते, याचे सर्वाधिक दाखले दिले जाणारे उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनजवळच्या ‘चर्च ॲट पियर्स क्रीक’ या चर्चचे आहे. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या चार दिवस आधी या चर्चने ‘यूएसए टुडे’ आणि ‘वॉशिंग्टन टाइम्स’ या दोन राष्ट्रीय दैनिकांत पानभर जाहिरात दिली, ख्रिस्ती मतदारांना बिल क्लिंटन यांच्यापासून सावध केले, आणि या जाहिरातीसाठी करवजावटीस पात्र देणग्या स्वीकारल्या जातील असेही खाली छापले. आयआरएसने १९९५ मध्ये चर्चचा करमुक्त दर्जा काढून घेतला. ‘ब्रँच मिनिस्ट्रीज विरुद्ध रोसोटी’ या नावाने तो वाद वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेला आणि २००० साली चर्च हरले. न्यायालयाचा युक्तिवाद मला आजही पटतो. चर्चची श्रद्धा त्याला जाहिरात देण्यास भाग पाडत असेल, तर त्याने सवलत सोडावी किंवा कलम ५०१(सी)(४) खाली वेगळी संलग्न संस्था काढावी आणि त्या संस्थेने राजकीय समिती स्थापून, वजावट न मिळणाऱ्या पैशातून, हवा तो प्रचार करावा. म्हणजे बोलण्याचा मार्ग उघडा आहे. त्यासाठी सार्वजनिक तिजोरीची मदत मात्र मागता येत नाही. विधिप्रचाराच्या, म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या, बंधनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ‘रीगन विरुद्ध टॅक्सेशन विथ रिप्रेझेंटेशन’ या खटल्यात हेच सूत्र मांडले होते : करसवलत हे एक प्रकारचे अनुदान आहे, आणि प्रत्येक अभिव्यक्तीला अनुदान देण्याचे बंधन सरकारवर नाही.

माझे म्हणणे असे की मर्यादा योग्य आहे, तिची अंमलबजावणी मात्र इतकी विस्कळीत आहे की नियम पाळणारा गप्प बसतो आणि तो मोडणाऱ्याला काहीच होत नाही. जुलै २०२५ च्या भूमिकेने हा दोष दूर होत नाही, उलट त्यात नवी विषमता येते. यावर जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

---

सांजवात

विवेचन आवडले, परंतु त्यात एक मोठी बाजू राहून गेली आहे असे वाटते. हा वाद पुराणमतवादी गोऱ्या चर्चपुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाला शतकभराहून अधिक काळ स्वतःची म्हणावी अशी एकच मोठी संस्था होती, आणि ती म्हणजे चर्च. सभागृहे, महाविद्यालये, वृत्तपत्रे, पक्षसंघटना यांची दारे बंद असताना राजकीय नेतृत्व तेथेच घडले. हार्लेममधील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाळक ॲडम क्लेटन पॉवेल ज्युनियर १९४५ ते १९७१ या काळात काँग्रेसचे सदस्य होते. आज जॉर्जियाचे सिनेटर असलेले राफेल वॉरनॉक हे अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे ज्येष्ठ पाळक आहेत, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी वडिलांसोबत जेथे पाळकत्व केले ते हेच चर्च. रविवारच्या उपासनेनंतर सगळी मंडळी बसने थेट मतदान केंद्रावर जाते, ही प्रथा तेथे रुजलेली आहे.

अशा ठिकाणी उमेदवार व्यासपीठावर येतो, पाळक त्याला आशीर्वाद देतो, टाळ्या पडतात. ही रीत डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालत आलेली आहे आणि तिच्याकडेही आयआरएसने सहसा कानाडोळाच केला. म्हणून जॉन्सन दुरुस्ती काटेकोरपणे लावा असे म्हणताना तिची झळ कोणाला बसेल, याचाही विचार व्हावा. ज्यांच्याकडे ५०१(सी)(४) संस्था काढायला वकील आणि हिशोबनीस आहेत, त्या मोठ्या चर्चना न्यायालयाने दाखवलेला पर्यायी मार्ग सोपा आहे. शंभर माणसांच्या मंडळीला तो कागदावरच राहतो.

---

करपत्र

मी अमेरिकेत ना-नफा संस्थांची करविवरणे तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे अंमलबजावणीच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो. हा विषय उपदेशांच्या चर्चेत झाकला जातो, आणि माझ्या मते खरी मेख पैशात आहे.

सर्वसाधारण धर्मादाय संस्थेला करमुक्त दर्जासाठी अर्ज करावा लागतो आणि दरवर्षी ‘फॉर्म ९९०’ हे विवरण भरावे लागते. ते कोणालाही पाहता येते. चर्चना यातले काहीही बंधनकारक नाही. अर्ज न करताही ते करमुक्त असतात आणि वार्षिक विवरण भरण्यापासूनही त्यांना सूट आहे. याशिवाय संहितेच्या कलम ७६११ ने, १९८४ पासून, चर्चच्या चौकशीसाठी स्वतंत्र आणि अवघड पायऱ्या घालून दिल्या आहेत. कोषागार विभागाच्या उच्च पदावरील अधिकाऱ्याला लेखी नोंदवलेल्या कारणांवरून सकृद्दर्शनी शंका वाटली पाहिजे. मग चर्चला चौकशीची सूचना. हिशोब तपासायचे तर त्यानंतर वेगळी सूचना आणि चर्चला अधिकाऱ्यांशी बैठकीची संधी. आणि सर्व काम साधारणतः दोन वर्षांत संपवण्याचे बंधन. ही संरक्षणे विनाकारण दिलेली नाहीत. कर अधिकाऱ्याने चर्चचे दप्तर हवे तेव्हा उघडावे असे कोणालाच वाटणार नाही.

अडचण पुढे आली. १९९८ मध्ये आयआरएसची फेररचना झाली आणि कायद्यात ज्या प्रादेशिक पदाचा उल्लेख होता ते पदच नाहीसे झाले. मग तो ‘उच्च अधिकारी’ कोण? विभागाने हे काम खालच्या एका संचालकाकडे दिले. मिनेसोटातील ‘लिव्हिंग वर्ड ख्रिश्चन सेंटर’ या चर्चने त्याला आव्हान दिले आणि २००९ मध्ये जिल्हा न्यायालयाने ते पद पुरेसे उच्च नसल्याचा निर्णय दिला. त्यानंतर चर्चच्या चौकश्या बराच काळ जवळजवळ थंडावल्या. नेमके त्याच सुमारास ‘अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम’ या ख्रिस्ती वकिलांच्या संघटनेची मोहीम जोर धरत होती. २००८ मध्ये ३३ पाळकांनी एकाच रविवारी व्यासपीठावरून उमेदवारांबद्दल उघड मत मांडले, उपदेशांची ध्वनिमुद्रणे स्वतःहून आयआरएसकडे पाठवली आणि कारवाई करा असे आव्हान दिले, जेणेकरून प्रश्न न्यायालयात जावा. पुढील वर्षांत सहभागी पाळकांची संख्या हजाराच्या वर गेली. त्यांना हवा होता तो खटला मात्र आयआरएसने कधी उभाच राहू दिला नाही.

शिक्षाही बहुतेकांना वाटते तशी ‘सर्व किंवा काहीच नाही’ स्वरूपाची नाही. कलम ४९५५ नुसार राजकीय खर्चावर संस्थेला १० टक्के कर लागतो, जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या पदाधिकाऱ्याला अडीच टक्के, आणि खर्च दुरुस्त केला नाही तर संस्थेला १०० टक्के. म्हणजे दर्जा न काढताही लहान चुकीला लहान दंड करण्याची सोय आहे. ती वापरली गेली असती तर सांजवात यांनी मांडलेली लहान मंडळींची अडचण बरीच कमी झाली असती.

आता पैशाकडे येतो. २०२५-२६ च्या निवडणूक चक्रात एका व्यक्तीला संघराज्य पातळीवरील एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरपेक्षा जास्त देणगी देता येत नाही, २०० डॉलरच्या वर एकूण रक्कम गेली की देणगीदाराचे नाव जाहीर होते, आणि या देणगीवर करात एक पैशाचीही वजावट मिळत नाही. चर्चला दिलेल्या देणगीवर अशी मर्यादा नाही, देणगीदाराचे नाव जाहीर होत नाही, चर्च विवरण भरत नाही, आणि वर वजावट मिळते. जॉन्सन दुरुस्ती पूर्णपणे काढून टाकली तर धनाढ्य देणगीदाराला प्रचाराचा पैसा चर्चच्या खात्यातून वळवण्याची सर्व कारणे उपलब्ध होतील. त्या पैशाखाली प्रथम चर्चच दबेल. म्हणूनच २०१७ मध्ये रद्दबातलीचा प्रस्ताव आला तेव्हा हजारो धर्मगुरूंनी आणि अनेक संप्रदायांनी त्याला लेखी विरोध केला होता, ही बाब या चर्चेत आवर्जून लक्षात घ्यावी.

---

उत्तरायण

मी विरुद्ध बाजूने लिहीत आहे. पैशाच्या मुद्द्यावर करपत्र यांच्याशी माझा फारसा वाद नाही. चर्चने दूरचित्रवाणीवर जाहिराती विकत घ्याव्यात असे मीही म्हणणार नाही. परंतु उपासनेतील उपदेश ही निराळी गोष्ट आहे, आणि मूळ लेखात ती पानभर जाहिरातीच्याच पारड्यात टाकली आहे.

पॅसाडिना येथील ‘ऑल सेंट्स’ या एपिस्कोपल चर्चचे उदाहरण घ्या. २००४ च्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी तेथील निवृत्त प्रमुख पाळक जॉर्ज रेगस यांनी उपदेश केला. येशू, जॉन केरी आणि जॉर्ज बुश यांच्यात वादचर्चा झाली तर येशू काय म्हणेल, अशी त्याची कल्पना होती. कोणाला मत द्यावे हे मी सांगणार नाही, असे त्यांनी आरंभीच म्हटले. मात्र इराक युद्धावर आणि गरिबांविषयीच्या धोरणावर त्यांनी अत्यंत कठोर टीका केली. आयआरएसने चौकशी सुरू केली, कागदपत्रे मागवली, चर्चने ती देण्यास नकार दिला. २००७ मध्ये विभागाने कारवाई न करता प्रकरण बंद केले, पण तो उपदेश हस्तक्षेपच होता असे कळवून. तो का होता, याचे स्पष्टीकरण चर्चने मागितले आणि ते समाधानकारक मिळाले नाही. हे चर्च उदारमतवादी आहे, तेव्हा हा प्रश्न एका पक्षाचा नाही.

युद्धाचा निर्णय ज्याने घेतला तोच उमेदवार असेल, तर युद्ध पाप आहे असे सांगणारा उपदेश धोरणावरचा की उमेदवारावरचा? हे ठरवण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याला उपदेशाचा शब्दन् शब्द वाचावा लागतो, त्यातील सूचितार्थ शोधावा लागतो, श्रोत्यांनी काय समजून घेतले असेल याचा अंदाज बांधावा लागतो. श्रद्धेच्या आशयात राज्यसंस्था याहून खोल कशी शिरेल? ज्यांना धर्म आणि राज्य यांच्यातील अंतर प्रिय आहे, त्यांना तर याची सर्वांत जास्त चिंता वाटली पाहिजे. धोक्याची रेषा कोठे आहे हेच ठाऊक नसल्याने पाळक ज्या विषयांवर बोलणे त्यांचे कर्तव्य आहे त्यांवरही बोलत नाहीत. जुलै २०२५ च्या अर्जात आयआरएसने उपासनेतील अशा बोलण्याची तुलना कुटुंबातल्या आपसातील बोलण्याशी केली आहे आणि त्याच्या बाहेरच्या प्रचारावरची मनाई तशीच ठेवली आहे. मला तरी हा समंजस मध्यममार्ग वाटतो.

---

नीरक्षीर

उत्तरायण यांचा ऑल सेंट्सचा दाखला वजनदार आहे. त्या प्रकरणात आयआरएसने चर्चला अन्यायकारक वागणूक दिली असेच माझेही मत आहे : कारवाई न करणे आणि तरीही ठपका ठेवणे, आणि त्या ठपक्याचे कारण न सांगणे, हे कोणत्याही प्रशासनाला शोभणारे नाही. परंतु त्या दोषावर योजलेला उपाय मला मान्य नाही, आणि त्याची कारणे दोन.

पहिले कारण कायद्याच्या शब्दांचे आहे. कलमात उपासनास्थळांसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये ही दुरुस्ती समूळ नष्ट करण्याचे जाहीर केले, मे महिन्यात कार्यकारी आदेश क्रमांक १३७९८ काढला, आणि तरीही कायदा बदलला नाही, कारण आदेशाने कायदा बदलत नाही. त्याच वर्षी प्रतिनिधीगृहाने करविधेयकात शिथिलता आणली होती. अर्थसंकल्पी विधेयकात बिगर-आर्थिक तरतूद घालता येत नाही या सिनेटच्या ‘बर्ड नियमा’मुळे ती वगळली गेली. काँग्रेसने जे केले नाही ते ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल झालेल्या एका खटल्यातील तडजोडीने घडवून आणण्याचा प्रयत्न म्हणजे जुलै २०२५ चा अर्ज. ‘नॅशनल रिलिजस ब्रॉडकास्टर्स’ आणि टेक्सासमधील दोन चर्च हे वादी, सरकार प्रतिवादी, आणि अर्जात दोघांचे एकमत. विरुद्ध बाजू मांडणारा खटल्यात कोणीच नसल्याने धर्म आणि राज्य यांच्या विभक्ततेसाठी काम करणाऱ्या ‘अमेरिकन्स युनायटेड’ या संघटनेने त्यात सहभागी होण्याची परवानगी मागितली. अशा तडजोडीचे भवितव्य काहीही असो, तिच्यातील आदेश त्या दोन चर्चपुरताच मागितला होता. उरलेल्यांसाठी ती विभागाने कळवलेली समजूत आहे, आणि पुढचे सरकार आले की ती उलट फिरवता येते. म्हणजे उत्तरायण यांना ज्या अनिश्चिततेची चीड आहे, तीच यातून वाढते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. कलम ५०१(सी)(३) खाली चर्चसोबत ग्रंथालये, अनाथाश्रम, पर्यावरण संस्था, विद्यापीठेही येतात. निरीश्वरवाद्यांची नैतिक विचारांची सभा आणि चर्चची उपासना यांतील वक्ता एकच वाक्य बोलला, तर एकाला मुभा आणि दुसऱ्याला मनाई असे होईल. केवळ धार्मिक नियतकालिकांना विक्रीकरातून सूट देणारा टेक्सासचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ‘टेक्सास मंथली विरुद्ध बुलॉक’ या खटल्यात याच प्रकारच्या पक्षपातामुळे रद्द केला होता. उपदेश मोकळे करायचेच असतील तर काँग्रेसने सर्व संस्थांच्या अंतर्गत सभांसाठी, पैसा खर्च न करण्याच्या अटीवर, तसे कलमातच लिहावे. त्या स्वरूपातील शिथिलतेला मी पाठिंबा देईन. आणि ‘कुटुंबातील बोलणे’ ही उपमा आजच्या काळात कितपत लागू पडते? हजारो माणसांच्या चर्चमधील उपदेश थेट प्रक्षेपणाने लाखोंपर्यंत पोहोचतो. प्रक्षेपण हे त्या चर्चचे नेहमीचे संपर्कमाध्यम मानायचे की नाही, याचे उत्तर त्या अर्जात नाही.

सांजवात यांच्या मुद्द्याशी मी बव्हंशी सहमत आहे. मतदार नोंदणी, बसने मतदानाला नेणे, नागरी हक्कांवरील उपदेश हे सर्व आजही पूर्णपणे वैध आहे आणि तसेच राहिले पाहिजे. उमेदवाराला व्यासपीठावर उभे करून त्याच्यासाठी मते मागणे मात्र चर्च कोणत्याही समाजाचे असले तरी रेषेपलीकडचे आहे.

---

विश्वस्त

येथे एक व्यावहारिक शंका. आम्ही अमेरिकेत राहतो. माझ्याकडे एका मंदिराच्या विश्वस्त मंडळाचे काम आहे आणि त्याच परिसरातील महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीतही मी आहे. दोन्ही संस्था ५०१(सी)(३) खाली आहेत. स्थानिक शाळामंडळाच्या आणि नगरपरिषदेच्या निवडणुकांत आता आपली माणसे उभी राहतात, आणि गणेशोत्सवात त्यांना मंचावर बोलवा, अशी मागणी दरवर्षी होते. ‘चर्च’ला लागू असलेले नियम आम्हाला किती लागू आहेत, आणि २०२५ च्या भूमिकेने आमच्यासाठी काही बदलले आहे का?

---

करपत्र

विश्वस्त, करकायद्याच्या दृष्टीने मंदिर, मशीद, सिनेगॉग, गुरुद्वारा हे सर्व चर्चच्याच वर्गात मोडतात. त्यामुळे मंदिराला मनाईही लागू आहे आणि कलम ७६११ चे संरक्षणही. महाराष्ट्र मंडळ ही सांस्कृतिक संस्था आहे. तिला मनाई तेवढीच लागू आहे, पण चौकशीतले विशेष संरक्षण नाही आणि वार्षिक विवरणही भरावे लागते. २०२५ ची भूमिका फक्त उपासनास्थळांविषयी आणि उपासनेच्या संदर्भातील बोलण्याविषयी आहे. मंडळाला तिचा काडीचाही आधार घेता येणार नाही, आणि मंदिराच्या विश्वस्तांनीही केवळ तिच्यावर विसंबून काही करू नये असा माझा सल्ला आहे, कारण नीरक्षीर यांनी सांगितल्याप्रमाणे ती विभागाची समजूत आहे, कलमातील शब्द नव्हेत.

रोजच्या कामासाठी आयआरएसने २००७ मध्ये काढलेला ‘महसूल निर्णय २००७-४१’ जवळ ठेवावा. त्यात २१ काल्पनिक प्रसंग देऊन प्रत्येकात हस्तक्षेप झाला की नाही हे सांगितले आहे, आणि त्यातील काही प्रसंग तुमच्या मंचावर घडल्यासारखे वाटतील. एका वाद्यवृंद संस्थेच्या जाहीर कार्यक्रमाला निवडणुकीला उभे असलेले महापौर येतात. संस्थेचा अध्यक्ष मंचावरून त्यांच्या मदतीबद्दल आभार मानतो आणि पुढे म्हणतो, की त्यांनी आपल्याला साथ दिली तशी नोव्हेंबरमध्ये आपणही त्यांना साथ द्यावी. त्या शेवटच्या आवाहनामुळे तो हस्तक्षेप ठरतो. आपल्याकडे आभारप्रदर्शनाच्या भरात हे वाक्य किती सहज निघते, ते तुम्हाला ठाऊक असेलच. दुसऱ्या प्रसंगात एक चर्च आपल्या संकेतस्थळावर लिहिते, की आपल्या मंडळीतील अमुक सदस्य नगरपरिषदेसाठी उभे आहेत, त्यांना मंगळवारी पाठिंबा द्या. तोही हस्तक्षेपच. ‘आपला माणूस’ म्हणून व्हॉट्सॲपच्या अधिकृत गटावर मंडळाच्या नावाने टाकलेला संदेश याच जातीचा आहे.

याउलट एक पाळक उमेदवाराच्या कार्यालयातील पत्रकार परिषदेत जाऊन त्याला पाठिंबा देतो, चर्चच्या वतीने बोलतो असे म्हणत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र त्याची ओळख त्या चर्चचा पाळक म्हणून करून देते. हा हस्तक्षेप नाही. पण एका विद्यापीठाचे अध्यक्ष माजी विद्यार्थ्यांच्या अधिकृत पत्रिकेतील आपल्या स्तंभात उमेदवाराचे समर्थन करतात आणि त्या जागेचा खर्च स्वतःच्या खिशातून भरतात, तरीही तो हस्तक्षेप ठरतो, कारण पत्रिका संस्थेची आहे. म्हणजे विश्वस्त म्हणून तुम्ही स्वतःच्या अंगणात उमेदवाराचा फलक लावू शकता, त्याच्यासाठी घरोघरी फिरू शकता. मंडळाच्या पत्रिकेत मात्र स्वखर्चानेही लिहू शकत नाही.

गणेशोत्सवात उमेदवारांना बोलवायचेच असेल, तर त्या पदासाठी उभे असलेल्या सर्वांना एकाच स्वरूपाचे लेखी निमंत्रण द्यावे, प्रत्येकाला सारखा वेळ द्यावा, आणि संस्था कोणालाही पाठिंबा देत नाही हे ओळख करून देताना आणि निमंत्रणातही स्पष्ट नमूद करावे. त्या दिवशी मंचाजवळ कोणासाठीही निधी गोळा होऊ देऊ नये. नुसते दर्शनाला आलेल्या उमेदवाराला आरतीत उभे राहू देण्यास काहीच हरकत नाही. सभागृह भाड्याने देत असाल, तर जो प्रथम मागेल त्याला, नेहमीच्याच दराने द्या. आणि सभासदांची यादी कोणत्याही एकाच प्रचारपथकाला, विकत किंवा फुकट, देऊ नका. कार्यकारिणीच्या बैठकीत हे ठरल्याची नोंद इतिवृत्तात करून ठेवावी. उद्या तक्रार झालीच, तर विभाग प्रथम तेच मागतो.